रोजची कृतज्ञता : रात्री देवाला नेमकं काय सांगता?

अनुदिनी

रात्री झोपण्याआधी दिवस डोळ्यांसमोर आणायचा आणि त्यात जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार मानायचे, हा माझा खूप वर्षांचा नेम. अलीकडे त्यात एक अडचण जाणवते आहे. इथे वेगवेगळ्या वाटांनी जाणारी श्रद्धावान मंडळी आहेत, म्हणून विचारते.

अडचण अशी की यादी ठरून गेली आहे. तब्येत, घर, मुलं, काम. रोज तीच आणि त्याच क्रमाने. त्यातलं खोटं काहीच नाही, पण तोंड आभार मानत असतं आणि डोकं उद्याच्या कामांची जुळवाजुळव करत असतं. म्हणून गेले काही महिने मी रीत बदलली. आता फक्त आज घडलेली गोष्ट सांगायची, तीही एकच, आणि ती कोणाच्या हातून आली ते नावासकट सांगायचं.

परवाचं सांगते. मी फोनवर होते आणि पंख्याने टेबलावरचे कागद उडायला लागले. पलीकडच्या सहकाऱ्याने स्वतःचं काम न थांबवता हात लांब केला आणि त्याचा स्टेपलर माझ्या कागदांवर ठेवला. मला वर बघायलाही फुरसत नव्हती. रात्री बसले तेव्हा तो स्टेपलर आठवला, तो पुढे आलेला हात आठवला, आणि मग त्या माणसासाठी प्रार्थना आपोआप सुरू झाली, कारण त्याच्या घरी सध्या मोठं आजारपण आहे. दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन विचारलंही, घरी कसं आहे म्हणून. 'तब्येत, घर, मुलं' म्हणताना असं कधी घडत नव्हतं.

माझं मत स्पष्टच मांडते. आभार मानायचे तर समोर कोणीतरी लागतं. हल्ली कृतज्ञतेच्या वह्या, ॲप, 'रोज तीन गोष्टी लिहा' असं सगळीकडे दिसतं. त्याने कोणाचं भलं होत असेल तर आनंदच आहे, पण तिथे देणाऱ्याची जागा रिकामी असते. श्रद्धेच्या माणसाला आधी देणारा दिसावा आणि मग मिळालेली वस्तू, असं मला वाटतं.

तुमच्या परंपरेत रोजच्या आभाराची काय रीत आहे? ती कोरडी पडू नये म्हणून तुम्ही काय करता? आणि वाईट दिवशी काय करता? शेवटच्या प्रश्नावर मोकळेपणाने लिहा, कारण माझी स्वतःची गाडी तिथेच अडते.

वाळूघड्याळ

मी ख्रिस्ती. आमच्याकडे इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी घालून दिलेली रोजच्या आत्मपरीक्षणाची एक पद्धत आहे, ती मी पाळतो. तिच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली, देवाने केलेल्या उपकारांबद्दल आभार. दुसरी, आपली पापं ओळखता यावीत म्हणून कृपा मागणं. तिसरी, उठल्यापासून आतापर्यंतच्या दिवसाचा तासातासाने हिशेब. चौथी, क्षमायाचना. पाचवी, सुधारण्याचा निश्चय.

मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या चुकांकडे बघण्याआधी आभार आहेत. चुकांपासून सुरुवात केली की माणूस एकतर स्वतःची वकिली करायला लागतो, नाहीतर स्वतःला झोडपायला लागतो. आपल्याला किती मिळालं आहे हे आधी दिसलं की चुकीकडेही निवांत बघता येतं.

तुमच्या 'ठरलेल्या यादी'वरचा उपाय मला तिसऱ्या पायरीतच सापडला. तासातासाने जायचं. सात ते आठ काय झालं, आठ ते नऊ काय झालं. असं गेलं की 'घर' आणि 'तब्येत' असे मोठे शब्द आपोआप मागे पडतात आणि बारीकसारीक गोष्टी वर येतात.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात आहे. येशूने दहा जणांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला आणि तोही शोमरोनी, म्हणजे त्या समाजाने परका मानलेला. त्या नऊ जणांना आपण सरसकट कृतघ्न म्हणतो. पण नीट वाचलं तर येशूनेच सगळ्यांना सांगितलं होतं की जा आणि याजकांना दाखवा. ते नऊ जण सांगितलेलंच करत होते! तो एक जण मात्र अर्ध्या वाटेवरून मागे फिरला. मला रोजच्या नेमासाठी यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की योग्य कामाला निघालेला माणूससुद्धा आभार विसरतो. आपण काही वाईट करत नसतो, फक्त पुढे चालत असतो. मागे वळायला मुद्दाम थांबावं लागतं.

वाईट दिवसाबद्दल नंतर लिहितो. त्यावर घाईत लिहू नये.

निरीश्वर

धागा आवडला. माझी देवावर श्रद्धा नाही, तरी लिहितो, कारण प्रश्न मलाही जवळचा आहे. धागाकर्तीची हरकत नसावी.

आधी थोडी माहिती. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००३चा अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त उल्लेखला जातो. त्यात एका गटाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहिलं, दुसऱ्याने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी लिहिल्या. पहिल्या गटातल्या लोकांना आपलं आयुष्य एकूण बरं चाललं आहे असं अधिक वाटलं. 'रोज तीन गोष्टी लिहा' याच्यामागे असलं संशोधन आहे, ते पोकळ नाही. पण सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये मांडलेली एक बाब तुमच्या अडचणीच्या फार जवळची आहे. त्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. सरावाने धार जाते, असा त्यांचा अंदाज. म्हणजे तुमची यादी कोरडी पडली यात तुमच्या श्रद्धेचा दोष नाही, मनाचा स्वभावच तसा आहे.

आता प्रश्न. समोर कोणीतरी लागतं हे मला पटतं. पण तुमच्या उदाहरणात समोर तो सहकारी आहेच की! त्याचे आभार मानले की झालं. त्याच्या मागे आणखी कोणी उभा आहे असं मानायची गरज का वाटते? वाद घालण्यासाठी विचारत नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

अनुदिनी

निरीश्वर, हरकत कसली, उलट तुमच्या माहितीने धीर आला.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. सहकाऱ्याचे आभार त्यालाच पोचायला हवेत, ते मी देवाच्या खात्यावर वळवत नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की ज्यांच्यासाठी कोणत्याही माणसाकडे जाता येत नाही. सकाळी जाग आली, याबद्दल कोणाचे आभार मानू? त्या सहकाऱ्याच्या घरी एवढं चाललेलं असताना त्याच्या मनात दुसऱ्याच्या कागदांसाठी जागा उरली, हा चांगुलपणा त्याच्यात कुठून आला? तिथे माझं मन पुढे जातं आणि मला तिथे कोणीतरी भेटतं. हे मी सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण आभार मनात दाटून येतात आणि ते द्यायला कोणी नसतं, तेव्हा होणारी घुसमट मला माहीत आहे. ती प्रार्थनेत मोकळी होते.

निरीश्वर

प्रामाणिक उत्तर. ती घुसमट मलाही होते, विशेषतः चांगल्या दिवशी. एवढं मान्य करतो.

पहाटदिवा

अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. अनुदिनीताई, तुमच्याशी थोडं भांडायचं आहे, प्रेमाने.

तुम्ही ठरलेले शब्द सोडून दिलेत. मी ते कधी सोडणार नाही. आमच्या पाच वेळच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजात मिळून १७ रकाती (नमाजाचे फेरे) होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा असते. तिची सुरुवातच सगळी स्तुती अल्लाहची, तो साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, अशी आहे. म्हणजे दिवसातून कमीत कमी १७ वेळा तेच वाक्य. नमाजानंतरच्या तस्बीहमध्ये, म्हणजे जपात, पुन्हा ३३ वेळा अलहमदुलिल्लाह, सगळी स्तुती अल्लाहची. कोणी म्हणेल, एवढ्या वेळा म्हटल्यावर त्यात काय उरणार? माझा अनुभव उलटा आहे. माझी आई गेली त्या आठवड्यात मला स्वतःचं असं एकही वाक्य सुचत नव्हतं. तुमच्या नव्या पद्धतीने मला 'आज मिळालेली एक गोष्ट' शोधायला सांगितलं असतं तर मी जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, गुंडाळून ठेवला असता. पण ते ठरलेले शब्द माझ्यासाठी तयार होते. मी फक्त त्यांच्यात जाऊन उभी राहिले. मन नव्हतं, तरी मी हजर होते. मन पुष्कळ नंतर आलं.

मन लागत नाही म्हणून शब्द सोडू नयेत, असं मला वाटतं. शब्द जागा राखून ठेवतात.

पुनरुक्तीबद्दलच आणखी एक. कुरआनात सूरह रहमान आहे, ७८ आयतींची. तिच्यात 'मग तुम्ही आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?' या अर्थाचा प्रश्न ३१ वेळा येतो. पण बहुतेक वेळी त्याच्या आधी नवं काहीतरी आहे. सूर्यचंद्राचा हिशेब, तराजू, फळं, धान्य, दोन समुद्रांचं मिळणं, समुद्रातले मोती. प्रश्न तोच आणि समोरची वस्तू वेगळी. तुमची नवी रीत आणि माझी जुनी रीत, दोन्ही तिथे एकत्र सापडतात.

आणि शुक्र, म्हणजे कृतज्ञता, ही नुसती तोंडाने म्हणायची गोष्ट नव्हे. इस्लामी विद्वान इमाम गझाली (मृत्यू ११११) शुक्राचे तीन भाग सांगतात. ही देणगी देणाऱ्याकडून आली हे जाणणं, त्या जाणिवेने मनाला होणारा आनंद, आणि ती देणगी देणाऱ्याला आवडेल अशा कामी लावणं. डोळ्यांचा शुक्र डोळ्यांनीच करायचा, पैशाचा पैशाने. मी रात्री स्वतःला एवढंच विचारते की आज जे मिळालं ते मी कुठे लावलं. हा प्रश्न अजून कधी कोरडा पडलेला नाही!

माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. निरीश्वरभाऊ, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग आम्हाला त्यामुळे आधीपासूनच मान्य आहे.

ओंजळ

पहाटदिवा, गझालींचा तिसरा भाग वाचून लगेच लिहावंसं वाटलं. वैदिक परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो असं मानतात. देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. 'आभारी आहे' म्हणून ऋण फिटत नाही, फेडावं लागतं. म्हणून त्याला जोडून रोजचे पाच यज्ञ सांगितले, त्यात माणसं आणि इतर प्राणीही आले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर फार कडक शब्द आहे. देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटाच भोगतो तो चोरच. आपण कृतज्ञतेला मऊ आणि गोड करून टाकलं आहे, तिच्यात ही जबाबदारीही आहे. माझ्या रोजच्या प्रार्थनेत एक वाक्य पक्कं असतं : आज माझ्याकडे कोणाचं काय राहिलं?

काठावरची

बराच वेळ नुसतं वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

माझं दुसरं बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. मी ज्या प्रार्थनागटात जात होते तिथल्या एक बाई भेटायला आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मोठी मुलगी आहे ना तुला, तिच्याकडे बघ आणि देवाचे आभार मान. कितीजणींना तेवढंही नसतं." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसापासून मी तो गट सोडला आणि आभार मानणंही सोडलं. मुलीकडे बघितलं की ती बदली म्हणून दिलेली वस्तू आहे असं वाटायचं, आणि मग तिच्याकडेही बघवायचं नाही.

देव आहे असं मला वाटतं. त्याच्याशी बोलणं पूर्ण तुटलेलंही नाही. पण 'आभार' हा शब्द घशाखाली उतरत नाही. तुमच्या सगळ्यांच्या पद्धती चांगल्या आहेत. माझ्यासारखीने काय करायचं?

रुजवात

काठावरची, आधी तुम्हाला घट्ट मिठी. लिहिलंत हे फार बरं केलंत.

मी नर्स आहे. आजाऱ्याच्या किंवा दुःखात असलेल्याच्या उशाशी बसून त्याला कृतज्ञता शिकवू नये, हे मला कामानेच शिकवलं. आभार ज्याचे त्याने मानायचे असतात, दुसऱ्याने ते वसूल करायचे नसतात. 'तुझ्यापेक्षा वाईट किती आहेत बघ' हे तर कोणालाही म्हणू नये. दुसऱ्याच्या दुःखावर उभारलेले आभार देवाला काय आवडणार?

आणखी एक, व्यवसायामुळे सांगणं भाग आहे. मूल गेल्यावरचं दुःख कधी कधी झोप, भूक, जगण्याची इच्छाच खाऊन टाकतं. तसं होत असेल तर डॉक्टरांशी, समुपदेशकाशी जरूर बोला. प्रार्थना आणि उपचार हातात हात घालून चालतात, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

टाळकरी

राम कृष्ण हरी.

काठावरची माऊली, तुमचं लिहिणं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मी कीर्तनं ऐकत लहानाचा मोठा झालो. तुमच्या प्रश्नावर तुकोबांकडे गेलो, तिथे जे सापडलं ते ठेवतो.

१६३०-३२चा दुष्काळ तुकोबांच्या घरावर कोसळला. धंदा बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. तुकोबांचा एक प्रसिद्ध अभंग आहे, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली'. हा अभंग लोक दुःखितांना ऐकवतात : बघा, तुकोबांनी दिवाळ्याबद्दलही देवाचे आभार मानले, तुम्हीही माना. मी स्वतः तो अशा प्रसंगी ऐकवलेला ऐकला आहे.

आता तो अभंग सावकाश वाचा. तुकोबा कशाकशाला 'बरें जालें' म्हणतात? दिवाळं निघालं ते. दुष्काळाने गांजलं ते. बायको कजाग मिळाली, लोकांत दुर्दशा झाली, अपमान झाला, धन गेलं, गुरंढोरं गेली, लोकलाज सुटली. यादी लांब आहे. पण पहिली पत्नी गेली ते बरं झालं असं त्यात कुठेही नाही. मूल गेलं ते बरं झालं असंही नाही.

पत्नीचा मृत्यू दुसऱ्या अभंगात येतो, जिथे ते स्वतःची हकिगत सांगतात : 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. तिथे 'बरें' नाही, आभार नाहीत, त्यातून देवाने काय साधलं याचं स्पष्टीकरणही नाही. अन्न अन्न करत मेली. एवढंच, आणि हकिगत पुढे सरकते.

पैसा, मान, गुरं, अब्रू, स्वतःचं जे जे गेलं त्याबद्दल तो माणूस देवाला 'बरं झालं' म्हणू शकला, तेही पुढे मागे वळून बघताना, आणि स्वतःबद्दल. भुकेने गेलेल्या माणसावर या दोन अभंगांत त्याने ते लेबल चिकटवलं नाही. मी याचा असा अर्थ घेतो की काही गोष्टींबद्दल आभार मानायचे नसतात, आणि न मानल्याने भक्तीत काही कमी येत नाही.

त्याच गाथेत 'माझे लेखीं देव मेला' असंही म्हटलेलं आहे. नामदेव, जनाबाई, सगळेच विठ्ठलाशी भांडलेत, जनाबाईंनी तर त्याला शिव्या दिल्यात. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. तुम्ही त्याच्याशी बोलणं तोडलेलं नाही, असं म्हणालात. भांडा त्याच्याशी. तेही भजनच आहे, असं मी मनापासून मानतो.

पहाटदिवा

टाळकरीभाऊ, हे वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे दुःखात सब्र, म्हणजे धीर, आणि सुखात शुक्र अशा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. सब्राच्या वेळी शुक्र मागू नये. त्या बाईंनी चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट मागितली. रसूलुल्लाह, म्हणजे पैगंबरसुद्धा, आपला लहान मुलगा इब्राहीम गेला तेव्हा रडले होते, डोळे अश्रू ढाळतात आणि मन दुःखी होतं असं म्हणाले होते.

बोधिपर्ण

बौद्ध परंपरेतून थोडंसं. आमच्याकडे निर्माता देव नाही, तरी कृतज्ञतेला मोठं स्थान आहे. आधी उपकार करणारा आणि उपकार जाणून ते फेडणारा, अशी दोन माणसं जगात दुर्मिळ आहेत, असं अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात आहे. तिथेच म्हटलं आहे की आईवडिलांना खांद्यांवर घेऊन शंभर वर्षं वाहिलं तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत. निरीश्वर, तुमच्यासाठी ही वाट मोकळी आहे.

मी रोज ध्यानाला बसण्याआधी ज्यांनी मला शिकवलं त्या एकेकाला नावाने आठवतो. हयात आहेत त्यांना अधूनमधून फोन करतो. माझी रीत एवढीच.

काठावरची ताई, तुमच्यासाठी मैत्री पाठवतो. उत्तर माझ्याकडे नाही.

रुजवात

मूळ प्रश्नाकडे येते, कारण अनुदिनीने तिच्या यादीतल्या 'तब्येत' या शब्दाबद्दल लिहिलं होतं.

ज्यू परंपरेत रोज शंभर आशीर्वचनं म्हणावीत असं तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात सांगितलं आहे. सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य आभाराचं, माझा प्राण परत दिलास म्हणून. आणि एक आशीर्वचन शौचाला जाऊन आल्यावरचं आहे! देवाने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या, त्यातलं एक जरी भलतंच उघडलं किंवा बंद झालं तरी तुझ्यासमोर उभं राहणं अशक्य होईल, असा त्याचा आशय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे लिहिणारा नक्की कोणाची तरी शुश्रूषा केलेला असणार.

ऑपरेशननंतर लघवीची नळी काढतात. त्यानंतर आम्ही वाट बघत असतो, रुग्णाला स्वतःहून होते का ते. काहींना तासन्‌तास होत नाही. पोट तटतटतं, माणूस घामाघूम होतो, नातेवाईक दर दहा मिनिटांनी विचारायला येतात. एकदा एक वयस्क गृहस्थ असेच अडकले होते. शेवटी भिंतीला धरून उभे राहिले, मी नळ बारीक सोडून ठेवला आणि बाहेर थांबले. जरा वेळाने आतून मोठ्याने आवाज आला, "देवा, झाली!" बाहेर त्यांची मुलगी अक्षरशः देवाला हात जोडून रडत होती. त्या दोघांना तब्येतीबद्दल आभार म्हणजे काय हे त्या क्षणी नेमकं माहीत होतं.

म्हणून मी 'तब्येत' म्हणत नाही. आज एकच अवयव घेते, त्याने दिवसभर काय केलं ते आठवते. आज गुडघा, उद्या घसा, परवा डावा डोळा. यादी संपतच नाही.

वाळूघड्याळ

वाईट दिवसाबद्दल लिहितो म्हणालो होतो. टाळकरींनी माझं अर्धं काम केलं आहे.

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, आणि आमच्याकडे लोक तेच वाक्य काठावरचींना भेटलेल्या बाईंसारखं वापरतात. पण त्याच बायबलात स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं मोठ्या संख्येने आहेत. बहुतेक विलाप शेवटाकडे वळतात, माणूस 'कुठवर, परमेश्वरा?' असं विचारतो आणि अखेरीस कसाबसा भरवशावर किंवा स्तुतीवर येतो. १३वं स्तोत्र तसं आहे.

८८वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आभार नाहीत, आशेचं शेवटचं कडवं नाही. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते गाळता आलं असतं, किंवा शेवटी दोन गोड ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि ते शतकानुशतकं प्रार्थना म्हणून म्हटलं जात आहे. आभार नसलेली प्रार्थनाही प्रार्थनाच आहे, हे आमच्या धर्मग्रंथाने असं मान्य केलं आहे.

माझ्या वाईट दिवशी मी इग्नेशियसच्या पहिल्या पायरीवर अडतो, तेव्हा जबरदस्ती करत नाही. आज आभार नाहीत, असं त्याला सांगतो. मग पुढच्या पायरीवर जातो. काही दिवस असेच जातात. नंतर एखाद्या रात्री काहीतरी लहानसं आठवतं.

अनुदिनी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहाटदिवा, तुझं भांडण मान्य. ठरलेले शब्द परत घेते आहे, आधी ते आणि मग आजची एक गोष्ट. रुजवात, अवयवाची कल्पना आज रात्रीपासून.

काठावरची, या धाग्यावर तुमच्याकडून कोणालाही आभार नको आहेत. फक्त येत जा.

काठावरची

येईन. टाळकरीदादा, 'त्यात ते नाही' हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. अभंग काढून पुन्हा पुन्हा वाचला. खरंच नाही त्यात.

वाळूघड्याळ, ते ८८वं स्तोत्र मी ख्रिस्ती नसताना म्हटलं तर चालेल का? आणि मनात म्हणायचं की मोठ्याने?

वाळूघड्याळ

चालेल, कोणालाही विचारायची गरज नाही. मोठ्यानेच म्हणा. अठराच वचनं आहेत, घाई केली नाही तरी चार-पाच मिनिटं लागतात. घरात कोणी असेल आणि संकोच वाटत असेल तर हळू आवाजात म्हणा, पण ओठ हलू द्या. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.